भोर–वरंधा–आंबेनळी–पसरणी–मांढरदेवी: एका दिवसाची घाटफेरी आणि तिची दिशा

सह्यवळण

भोरहून पहाटे निघून नीरा-देवघर धरणाच्या काठाकाठाने वरंधा घाट गाठायचा, तो उतरून कोकणात शिरायचे, महाडच्या अलीकडे राजेवाडी फाट्यावर डावीकडे वळून पोलादपूरला जायचे, आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चढायचे, पाचगणीवरून पसरणी घाटाने वाईत उतरायचे आणि शेवटी मांढरदेवीचा डोंगर ओलांडून आंबाडखिंडीतून पुन्हा भोरला यायचे, अशी ही सायकलफेरी आहे. अंतर साधारण २०५ ते २१० किलोमीटर भरते. एकूण चढाई यंत्रागणिक वेगळी दिसते, कारण काही यंत्रे हवेच्या दाबावरून उंची मोजतात आणि काही नकाशातल्या आकड्यांवरून. परंतु अडीच ते तीन हजार मीटरांच्या दरम्यान ती धरून चालावे.

आकड्यांपेक्षा मला या फेरीचा भूगोल अधिक मोलाचा वाटतो. भोरची नीरा भीमेला मिळते, भीमा पुढे कृष्णेला मिळते, आणि हे सारे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. वरंधा ओलांडला की सावित्रीचे खोरे लागते आणि तिचे पाणी पश्चिमेला अरबी समुद्रात उतरते. ज्या महाबळेश्वराच्या पठारावर कृष्णा उगम पावते, त्याच पठारावर सावित्रीचाही उगम आहे, आणि आंबेनळी घाट म्हणजे सावित्रीच्या खोऱ्यातून तिच्या उगमाकडे जाणारी वाट आहे. सह्याद्रीची मुख्य धार एका दिवसात दोनदा ओलांडणे, आणि दोन्ही वेळा ती स्वतःच्या पायांच्या बळावर ओलांडणे, हा अनुभव मोटारीतून कधीही मिळत नाही.

चर्चेसाठी मुख्य प्रश्न दिशेचा आहे. बहुतेक गट ही फेरी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, म्हणजे आधी मांढरदेवी आणि शेवटी वरंधा अशी करतात. तिला आपण सुलट म्हणू. माझे मत स्पष्टपणे उलट, म्हणजे वर दिलेल्या क्रमाच्या फेरीच्या बाजूचे आहे आणि त्याचे मुख्य कारण कोकणातली दुपार हे आहे. महाड-पोलादपूरचा पट्टा समुद्रसपाटीपासून फार उंच नाही. जानेवारीतसुद्धा दुपारी एक ते चार या वेळेत तिथली दमट उष्णता दमलेल्या शरीराला सोसत नाही. सुलट फेरीत सायकलस्वार महाबळेश्वरच्या गारव्यातून नेमका त्याच वेळी खाली उतरतो आणि पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्या वरंध्याच्या भिंतीवर मावळतीचे ऊन अंगावर घेत चढू लागतो. घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत अंधार पडतो आणि धरणाकाठचा चाळीसेक किलोमीटरचा चढउतारांचा रस्ता, जिथे वस्ती विरळ आहे आणि मोबाईलची रेंज सलग मिळत नाही, तो थकलेल्या अवस्थेत रात्री कापावा लागतो.

उलट फेरीत पहाटे साडेचारला भोर सोडले, तर हाच रस्ता ताज्या पायांनी अंधारात सरतो. जानेवारीत सूर्योदय सातच्या थोडा पुढे होतो आणि सव्वासातच्या सुमारास वाघजाईच्या मंदिरापाशी पोहोचता येते, त्यामुळे वरंध्याचा उतार उजेडात मिळतो. साडेआठला राजेवाडी, सव्वानऊला पोलादपूर, न्याहारी करून पावणेदहाला आंबेनळीची चढण सुरू, दीडच्या सुमारास महाबळेश्वर, साडेतीनच्या आत वाई, साडेपाचला मांढरदेवी आणि साडेसहापर्यंत भोर, असे हे वेळापत्रक आहे. ब्रेव्हेच्या (ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीच्या) नियमांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते. हे वेळापत्रक तिच्या किंचित पुढे जाते, आणि एवढे घाट असलेल्या वाटेवर मला ते योग्य वाटते.

दुचाकी_दिंडी

आपली मांडणी नीट वाचली, तरीही मी सुलट फेरीचा पुरस्कार करतो. पोलादपूरहून महाबळेश्वर म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटरमध्ये तेराशे मीटरची सलग चढाई आहे. ही महाराष्ट्रातल्या सर्वांत लांब रस्ता-चढणींपैकी एक आहे आणि आपण ती दिवसाच्या मध्यावर, पायांत नव्वद किलोमीटर साचलेले असताना करायला सांगत आहात. सुलट फेरीत हीच उंची मांढरदेवी, पसरणी आणि वरंधा अशा तीन तुकड्यांत विभागली जाते. प्रत्येक चढणीनंतर उतार मिळतो, पाय मोकळे होतात, आणि मनालाही एक टप्पा पार झाल्याचे समाधान लाभते. पसरणी घाट हा तर सायकलसाठीच आखल्यासारखा आहे; वाईपासून पाचगणीच्या दांडेघर नाक्यापर्यंत साधारण बारा किलोमीटर, सरासरी पाच टक्क्यांच्या आसपासचा चढ, आणि डाव्या-उजव्या वळणांवर धोम धरणाचे पाणी व समोर पांडवगड दिसत राहतो. तो सकाळी नऊ-दहाच्या कोवळ्या उन्हात चढण्याचे सुख आपण उतारात दवडता.

दुसरा मुद्दा वाहतुकीचा. रविवारी दुपारनंतर महाबळेश्वर-पाचगणीहून पुण्या-मुंबईकडे परतणाऱ्या मोटारींची रांग लागते. गुरेघरपासून पाचगणीपर्यंत आणि पुढे पसरणीच्या उतारावर त्या रांगेच्या कडेकडेने सायकल काढणे मला चढणीपेक्षा अधिक धोक्याचे वाटते.

नीराखोरे

चढाईचे तुकडे पडतात हे खरे आहे, पण त्याच वेळी उताराचे काय होते याकडे कोणी पाहत नाही, म्हणून हा प्रतिसाद.

स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले, तर तेराशे मीटर चढण्यासाठी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १०.८ लाख ज्यूल इतके कार्य करावे लागते. सलग १५० वॅट शक्ती लावणाऱ्याला केवळ त्यासाठी दोन तास लागतात. टायरचे घर्षण आणि हवेचा रोध धरून अडीच तास, आणि विश्रांती धरून त्याहून अधिक. हे पायांचे गणित झाले. मात्र तीच तेराशे मीटर उंची उतरताना तितकीच ऊर्जा सायकलमधून बाहेर पडावी लागते. मोकळ्या सरळ उतारावर तिचा मोठा भाग हवा खाऊन टाकते, परंतु आंबेनळीसारख्या वळणांच्या घाटात वेग वाढू देता येत नाही, त्यामुळे तिचा बराचसा वाटा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जमा होतो. रिम ब्रेक (चाकाच्या कड्यावर, म्हणजे रिमवर, पॅड घासून थांबवणारे ब्रेक) असलेल्या सायकलींची रिम अशा उतारात हात लावू नये इतकी तापते, आणि कार्बनच्या रिमवर तर हा उतार मी कोणालाही सुचवणार नाही.

उलट फेरीत वरंध्याला सुमारे सातशे मीटर, पसरणीला सहाशेच्या आसपास आणि शेवटी मांढरदेवीहून भोरकडे साधारण तितकेच, असे उतार विभागले जातात आणि दरम्यान ब्रेक पूर्ण थंड होतात. सुलट दिशा पायांना सोपी पडते, उलट दिशा ब्रेकला. पाय थकले तर थांबता येते. ब्रेक निकामी झाले तर थांबता येत नाही. त्यामुळे ज्यांच्या सायकलींना साधे रिम ब्रेक आहेत, त्यांनी उलट फेरीच करावी असे मी आग्रहाने म्हणेन.

कोणत्याही दिशेने गेलात तरी ब्रेक सतत दाबून धरू नयेत. वळणाच्या आधी पुढचा आणि मागचा मिळून ठामपणे वेग कमी करावा, वळणात सोडून द्यावेत, आणि सरळ पट्ट्यात त्यांना वारा लागू द्यावा.

पोलादपूरकर

मी या घाटाच्या पायथ्याशी राहतो, म्हणून दिशेच्या वादात न शिरता रस्त्याविषयी लिहितो.

पावसाळ्यात ही फेरी करण्याचा विचारही मनात आणू नये. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलै २०२१ मध्ये तिथे २४ तासांत ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. त्या दिवसांत आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी खचला आणि दीर्घ काळ बंद राहिला. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. आपण ज्या खोऱ्यातून सायकल चालवणार आहात, त्यातली ही गावे आहेत. त्यांच्यासाठी दरड ही दर पावसाळ्याची भीती आहे, एवढे मनात ठेवून या वाटेने जावे, इतकीच विनंती.

वरंधा घाट पावसाळ्यात वाहतुकीसाठी बंद ठेवण्याचे आदेश रायगड आणि पुण्याचे जिल्हाधिकारी काढतात. कधी केवळ अवजड वाहनांना बंदी असते, कधी सर्वांना. पावसाळा संपल्यावरही दुरुस्तीच्या कामांसाठी रस्ता बंद असू शकतो. निघण्याच्या आधी दोन दिवस भोर किंवा महाडच्या पोलीस ठाण्यात चौकशी करावी. सायकल कुठूनही निघून जाईल असे समजून अडथळ्याच्या पलीकडे जाऊ नये, कारण कठडा नसलेल्या ठिकाणी काम चालू असते आणि वरून दगड सुटतात.

नोव्हेंबरअखेरीस डोंगर उतारावरचे पाणी आटते आणि रस्ता कोरडा होतो. तरीही दाट झाडीतल्या वळणांवर सकाळी दवाने रस्ता ओलसर असतो. वरंध्याचा पश्चिमेकडचा उतार सकाळी नऊपर्यंत सावलीत असतो, म्हणून उलट फेरी करणाऱ्यांनी माझेरीपर्यंत टायरवर विसंबून वळणे घेऊ नयेत. राजेवाडी ते पोलादपूर हा राष्ट्रीय महामार्ग ६६ चा चौपदरी भाग आहे. गुळगुळीत आहे, पण अवजड वाहने वेगात असतात. तिथे एकामागे एक अशा ओळीनेच चालवावे.

माकडांविषयीही सांगतो. वाघजाई मंदिराच्या परिसरात आणि आंबेनळीत त्यांना प्रवाशांनी खाऊ घालून धीट केले आहे. हँडलच्या पिशवीत केळी उघडी ठेवू नका आणि त्यांना काही देऊही नका.

वाईची_लेक

मांढरदेवीच्या टप्प्याबद्दल इथे फारच कमी लिहिले गेले आहे आणि तो शेवटी ठेवायचा असेल, तर त्याचा गांभीर्याने विचार व्हायला हवा.

वाईत पोहोचल्यावर १६० किलोमीटर झालेले असतात. समोर महागणपतीचा घाट, खाण्यापिण्याची दुकाने, बसस्थानक असे सगळे असते, आणि इथून पुढे जाण्याची इच्छाच होत नाही. काळूबाईचे मंदिर समुद्रसपाटीपासून ४,६५० फुटांवर असल्याचे सांगतात. रस्ता त्याहून थोडा खाली राहतो, पण वाईपासूनची चढण पाचशे मीटरहून अधिक आहे आणि पसरणीइतकी सौम्य नाही. मध्येच काही पट्टे असे येतात की नऊ-दहा टक्क्यांचा चढ असल्याशिवाय पाय इतके जड होणार नाहीत. झाडी कमी, त्यामुळे चढणारा रस्ता दूरवर दिसत राहतो, आणि थकल्या मनाला त्याचा त्रास अधिक होतो.

मंगळवारी आणि शुक्रवारी देवीच्या दर्शनाला गर्दी असते, आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या काळात तर या रस्त्याने जाऊच नये. पौष पौर्णिमा बहुधा जानेवारीत येते, म्हणजे आपण सुचवलेल्याच महिन्यात. तारीख ठरवताना पंचांग पाहावे.

वाईहून भोरला जाण्याचा दुसरा पर्याय म्हणून काहीजण सुरूर फाट्यावरून पुणे-सातारा महामार्गाला लागतात. कृपया तसे करू नका. पुण्याकडे जाणारी वाहतूक खंबाटकीच्या बोगद्यातून जाते आणि त्यात सायकल घालणे हे मांढरदेवीच्या दहा चढणींपेक्षा वाईट आहे. दुपारी चारच्या पुढे वाईत पोहोचलात तर तिथेच थांबावे आणि टेम्पोने भोरला जावे, असा नियम आधीच करून ठेवला तर ऐन वेळी वाद होत नाहीत.

स्त्री सायकलस्वारांसाठी एक व्यावहारिक माहितीही देते. भोर सोडल्यापासून राजेवाडीपर्यंत, म्हणजे सुमारे ७५ किलोमीटर, वापरण्याजोगे स्वच्छतागृह मिळेलच याची खात्री नाही. पुढे महामार्गावरचे पेट्रोल पंप, पोलादपूरचे बसस्थानक, महाबळेश्वर आणि वाई इथे सोय होते. पहाटेच्या अंधाऱ्या टप्प्यात कोणीही एकटी मागे राहणार नाही, अशी गटाची रचना असावी.

सह्यवळण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आलेल्या मुद्द्यांना क्रमाने उत्तर देतो.

दुचाकी_दिंडी यांचा वाहतुकीचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, परंतु त्याचे उत्तर दिशा बदलणे हे नसून वार बदलणे हे आहे. सुलट फेरीतही शनिवारी सकाळी पसरणी चढणाऱ्या मोटारींचा धूर तुमच्याच तोंडावर येतो. ही फेरी बुधवारी किंवा गुरुवारी करावी. मंगळवार-शुक्रवार मांढरदेवीमुळे गेले, शनिवार-रविवार महाबळेश्वरमुळे. रजा घ्यावी लागेल हे खरे, पण हा दिवस त्या योग्यतेचा आहे.

आंबेनळीच्या सलग चढाईचे भय मला अवास्तव वाटते आणि ते का, हे सविस्तर सांगतो. हा रस्ता पूर्वी फिट्झगेराल्ड घाट म्हणून ओळखला जाई; सेमूर फिट्झगेराल्ड हे १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्या काळातले घाट बैलगाड्यांसाठी आखलेले असत आणि ओझे वाहणाऱ्या बैलाला जो चढ झेपेल तोच धरून वळणे घेत असत. म्हणूनच चाळीस किलोमीटरची सरासरी साडेतीन टक्क्यांच्याही खाली येते. पोलादपूरहून कापड्यापर्यंतचा पहिला भाग जवळपास खोऱ्याच्या तळातूनच जातो. मग खरा घाट सुरू होतो, सहा-सात टक्क्यांचा, एकसारखा, लय लागू देणारा. प्रतापगडाच्या फाट्याशी, वाडा कुंभरोशीजवळ, जरा दम घेता येतो. तिथून मेटतळ्यावरून महाबळेश्वरपर्यंतची उरलेली चढण दाट सदाहरित झाडीतून जाते आणि भर दुपारीही रस्त्यावर सावली असते. शिवाय दर हजार मीटरला हवेचे तापमान साधारण सहा ते साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे सूर्य वर चढत असताना आपणही वर चढत असतो, आणि पोलादपूरला तीस अंश असताना महाबळेश्वरला बावीस-तेवीस असतात. वरंध्याची दुपारची चढाई लांबीने कमी असली तरी तिथे ही सवलत फारशी मिळत नाही.

कुंभरोशीपाशी थांबाल तेव्हा खाली पार गावाच्या दिशेने जरूर पाहा. १६५९ मध्ये अफझलखानाची फौज वाईहून रडतोंडीच्या घाटाने याच खोऱ्यात उतरली आणि १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी ती भेट झाली. जावळीच्या या अरण्यात हत्ती-तोफांसह उतरणे म्हणजे काय असेल, याची कल्पना डांबरी रस्त्यावरूनही येते.

आता गिअरविषयी, कारण खासगी निरोपांतून हाच प्रश्न अनेकांनी विचारला आहे. पुढे ३४ आणि मागे ३२ दाते अशी जोडी असेल, चाकाचा परीघ २.१ मीटर धरला आणि पायडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या राखल्या, तर वेग ताशी ८ किलोमीटर येतो. सात टक्के चढावर ८५ किलो एकूण वजनासाठी याला १४० वॅटच्या आसपास शक्ती लागते. मागे २८ दातेच असतील तर त्याच फेऱ्यांना वेग ताशी ९.२ किलोमीटर होतो आणि शक्ती १६० वॅटवर जाते. वीस वॅटचा हा फरक सुरुवातीच्या चढणींवर जाणवणार नाही. मांढरदेवीला, १७० किलोमीटर झाल्यावर, तो चालवणे आणि ढकलत नेणे यांच्यातला फरक असतो. कॅसेट (मागच्या दात्यांच्या चक्रांचा संच) बदलण्याचा खर्च या एका चढणीसाठीही सार्थ आहे. टायर २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असावेत, कारण धरणाकाठच्या रस्त्याची अवस्था दर वर्षी वेगळी असते आणि पहाटेच्या अंधारात खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात गेलेले असते.

म्युनिकस्थ

दूर बसून वाचत होतो, पण दिशेचा हा वाद ओळखीचा वाटला. उत्तर इटलीत डोलोमाइट पर्वतात सेला नावाच्या पहाडाभोवती चार खिंडींची फेरी आहे: कांपोलोंगो, पोर्दोई, सेला आणि गार्देना. अंतर सुमारे ५५ किलोमीटरच, पण चारही खिंडी १,८०० मीटरच्या वर आणि पोर्दोई २,२३९ मीटरवर. तिथेही कोणत्या दिशेने जावे यावर लोक हिरिरीने बोलतात. तिथला निर्णय मात्र उष्णतेवर न ठरता उन्हाळ्यातल्या दुपारच्या वादळी पावसावर ठरतो. शेवटची उंच खिंड दुपारच्या आत ओलांडलेली बरी, हा तिथला रिवाज. दोन्हीकडे तत्त्व एकच दिसते, की दिवसातली वाईट वेळ कुठे आणि केव्हा येते ते आधी ठरवावे आणि त्या वेळी आपण तिथे नसू अशी फेरी आखावी. त्या न्यायाने मला सह्यवळण यांचे म्हणणे पटते.

एक मोठा फरक सांगतो. सेलाच्या फेरीत पायथाच पंधराशे मीटरच्या आसपास असतो. समुद्रसपाटीजवळून तेराशे मीटर सलग चढण्याचा अनुभव तिथे मिळत नाही. आंबेनळीची ही गोष्ट खरोखर दुर्मीळ आहे आणि आपल्याकडे तिची व्हावी तेवढी ओळख नाही, याची खंत वाटते.

वैद्य_सायकल

खाण्यापिण्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो.

कोकणातल्या दमट हवेत घाम येतो, पण तो वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि घाम आणखी येतो. पोलादपूर ते कुंभरोशी या टप्प्यात तासाला अर्धा ते पाऊण लिटर द्रव घेण्याची तयारी ठेवावी. मात्र नुसतेच पाणी पीत राहू नये. दिवसभर घामातून मीठ जात असताना केवळ साधे पाणी मोठ्या प्रमाणात पोटात गेले, तर रक्तातील सोडियम घटते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे असतात, आणि सोबतच्यांना वाटते की पाणी कमी पडले म्हणून ते आणखी पाजतात. हे जिवावर बेतू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर जलसंजीवनीत २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. म्हणजे मिठाची गरज तिने बऱ्यापैकी भागते, पण उष्मांक जेमतेम पन्नासच मिळतात. तेराशे मीटरच्या चढाईला शरीर हजाराहून अधिक उष्मांक खर्च करते, तेव्हा खाणे वेगळे हवे. केळी, खजूर, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे हे खिशात राहते आणि पचते. पोलादपूरला भूक लागली म्हणून तळलेले पदार्थ भरपेट खाऊन लगेच चढू नये. पोहे किंवा इडली घ्यावी आणि उरलेले खाणे चढताना थोडे थोडे करावे. महाबळेश्वरला भूक नसली तरी जेवावे, कारण मांढरदेवीला जे पायांत असेल ते तिथे पोटात गेलेले असते.

आणखी एक. महाबळेश्वरहून निघताना घामाने भिजलेल्या अंगाने उतार लागतो. हलके वारारोधक जाकीट सोबत असावे. वेण्णा तलावाच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे हिमकण दिसतात, इतका गारठा तिथे असतो. दुपारी तो नसला तरी वेगात वारा छातीला लागतो.

दुचाकी_दिंडी

ब्रेकच्या उष्णतेचा मुद्दा मी या दृष्टीने कधी तपासला नव्हता आणि तो मला पटला आहे. वरंध्याच्या दुपारच्या उन्हाबाबतही आपले म्हणणे योग्य आहे. तरीही पहिल्यांदाच ही फेरी करणाऱ्यांसाठी मी दोन दिवसांचा पर्याय सुचवतो: पहिल्या दिवशी भोर ते महाबळेश्वर उलट दिशेने, तिथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पसरणी उतरून मांढरदेवी. अशाने वाईहून निघताना पाय ताजे असतात आणि मांढरदेवीहून भोरचे खोरे दुपारच्या आत दिसते. ज्यांनी याआधी कधी दोन घाट एका दिवसात जोडले नाहीत, त्यांनी एका दिवसाचा हट्ट धरू नये.

गटासाठी आधार-गाडी असावी का, यावरही मत हवे आहे.

सह्यवळण

दोन दिवसांचा पर्याय उत्तम आहे आणि नवख्यांसाठी तोच ठेवू. एका दिवसाच्या गटासाठी आधार-गाडी हवीच, पण ती सायकलींच्या मागे रेंगाळत चालवायची नाही. अरुंद घाटात संथ मोटार ही इतरांसाठी अडथळा होते आणि तिला ओलांडायला जाणारा चालक समोरच्या वळणावर चुकतो. गाडी ठरलेल्या जागी पुढे जाऊन थांबेल: वाघजाई, राजेवाडी, पोलादपूर, वाडा कुंभरोशी, महाबळेश्वर, वाई आणि मांढरदेवी. रेंज नसलेल्या पट्ट्यांत हीच ठिकाणे हजेरीची असतील आणि शेवटचा स्वार येईपर्यंत गाडी हलणार नाही.

थांबण्याच्या वेळाही वाईची_लेक यांच्या सूचनेप्रमाणे आधीच ठरवू. साडेदहापर्यंत पोलादपूर न गाठणाऱ्याने आंबेनळी चढायला घेऊ नये, गाडीत बसून महाबळेश्वरला यावे. चारच्या पुढे वाईला पोहोचणाऱ्याने तिथेच थांबावे. पुढे आणि मागे दोन्ही दिवे, परावर्तक पट्ट्यांचे जाकीट, दोन ट्यूब आणि चालू स्थितीतला पंप असल्याशिवाय भोरहून कोणालाही निघू देणार नाही.

तारीख पौष पौर्णिमा टाळून, बुधवार किंवा गुरुवार पाहून ठरवू, आणि त्याच्या दोन दिवस आधी वरंध्याची स्थिती पोलादपूरकर इथे कळवतील असे त्यांनी मान्य केले आहे. घाट बंद असल्यास फेरी पुढे ढकलू. ताम्हिणीने वळसा घालण्याचा विचार नाही, कारण त्याने अंतर एका दिवसाच्या आवाक्याबाहेर जाते. येणाऱ्यांनी आपल्या सायकलीचे सर्वांत सोपे गिअर, ब्रेकचा प्रकार आणि ब्रेक पॅडची अवस्था या धाग्यावर लिहावी, म्हणजे एका दिवसाचे आणि दोन दिवसांचे गट त्यावरून करता येतील.